प्रकल्प पूर्ण झाला, त्याच्या दप्तराचे काय?

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने निघाले, म्हणजे थोड्या अंतरातच महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाची काही पाने उलटल्यासारखे वाटते. प्रथम महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत लागते. तेथून पुढे, समुद्रकाठी, देशातील पहिले अणुविद्युत केंद्र उभे आहे. पूर्वेकडे वळावे, तर सूर्या नदीवरील धामणी धरण आणि कवडास येथील बंधारा यांचे पाणी कालव्यांतून शेतांकडे व जलवाहिन्यांतून वसई-विरारसारख्या शहरांकडे जाताना दिसते. याच जिल्ह्यातील वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाले आणि मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्गाचे एक स्थानक बोईसर येथे योजिलेले आहे. जुने प्रकल्प आणि नवे प्रकल्प इतक्या जवळजवळ नांदणारे जिल्हे राज्यात थोडेच असतील.

यांपैकी प्रत्येक प्रकल्पाचा जन्म कागदावर झाला. पाहणी अहवाल, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, भूसंपादनाचा निवाडा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयके, पूर्णत्वाचा दाखला अशी ही कागदांची मालिका असते. कोनशिला बसते, फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात. माहिती खात्यातील आम्हां मंडळींच्या संग्रहात अशा समारंभांची छायाचित्रे विपुल असतात. परंतु त्या प्रकल्पाचे दप्तर ज्या दिवशी बांधून ठेवले जाते, त्या दिवशी तेथे एका लिपिकावाचून दुसरे कोणी नसते. त्या लिपिकाने कोणता कागद ठेवला आणि कोणता टाकला, याचा परिणाम मात्र पुढे तीस-चाळीस वर्षे अनेकांना भोगावा लागतो.

आता तर दप्तर बांधण्यासाठी लाल फडक्याचीही गरज उरलेली नाही. कामांचे वेळापत्रक, जबाबदाऱ्यांची वाटणी, खर्चाची नोंद व पत्रव्यवहार हे सारे संगणकावरील प्रकल्प व्यवस्थापन प्रणालीत ठेवण्याची पद्धत शासकीय कार्यालयांत, महामंडळांत आणि कारखान्यांत रूढ होत आहे. काम संपले, की ही प्रणाली दोन पर्याय पुढे करते. एक ‘आर्काइव्ह’, म्हणजे जपून बाजूला ठेवणे, आणि दुसरा ‘डिलीट’, म्हणजे पुसून टाकणे. पडद्यावर ही दोन बटणे एकमेकांना खेटून असतात. त्यांच्या परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते. हे अंतर समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

‘पूर्ण’ या शब्दाचे तीन अर्थ

प्रकल्प पूर्ण झाला असे आपण सहज म्हणतो. पण पूर्तता तीन प्रकारची असते आणि ती एकाच दिवशी होत नाही.

पहिली भौतिक पूर्तता. रस्ता झाला, इमारत उभी राहिली, पंप सुरू झाला, म्हणजे ही पूर्तता झाली. दुसरी आर्थिक पूर्तता. ठेकेदाराचे अंतिम देयक चुकते होणे, दोषदायित्वाचा कालावधी उलटून अनामत रक्कम परत जाणे, उपयोगिता प्रमाणपत्र सादर होणे आणि लेखापरीक्षणातील आक्षेपांचा निपटारा होणे हे सारे झाले, की ही पूर्तता झाली असे म्हणता येते. भौतिक पूर्ततेनंतर तिला कित्येक वर्षे लागू शकतात.

तिसरी पूर्तता ही वैधानिक व सामाजिक असते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदला मिळाला काय, ज्यांची घरे गेली त्यांचे पुनर्वसन झाले काय, न्यायालयात दावे उरले आहेत काय, हे प्रश्न या पूर्ततेत येतात. ही पूर्तता काही वेळा एका पिढीत होते, काही वेळा दोन पिढ्यांतही होत नाही. पहिली पूर्तता झाल्याबरोबर दप्तर आवरण्याची घाई केली जाते आणि घोटाळ्याचे मूळ येथेच असते.

तारापूर केंद्राचा धडा

तारापूर अणुविद्युत केंद्रासाठी भारत आणि अमेरिका यांच्यात १९६३ मध्ये करार झाला आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी पहिल्या दोन संचांतून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. रूढ अर्थाने त्या दिवशी हा प्रकल्प पूर्ण झाला. परंतु १९७४ मधील पोखरण चाचणीनंतर परदेशी सहकार्य आटू लागले. ज्यांनी यंत्रे बसविली होती त्यांच्याकडे शंका विचारण्याची सोय उरली नाही आणि देखभालीचा भार आपल्या अभियंत्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. अशा वेळी बांधकामाचे मूळ नकाशे आणि दुरुस्त्यांच्या नोंदी हाताशी असणे ही केवढी मोलाची गोष्ट ठरते, हे वेगळे सांगावयास नको.

याच केंद्राचा आणखी एक तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. हे दोन संच प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमतेचे म्हणून उभारले गेले. पुढे तांत्रिक कारणांमुळे त्यांची क्षमता प्रत्येकी १६० मेगावॉट ठरविण्यात आली. केवळ मूळ आराखडा जपला आणि नंतरच्या बदलांच्या नोंदी टाकून दिल्या, तर पुढील पिढीच्या हाती २१० हा आकडा येईल आणि तो चुकीचा ठरेल. म्हणून योजलेले काम आणि प्रत्यक्ष झालेले काम या दोहोंचे कागद जपावे लागतात. अभियंते प्रत्यक्ष बांधकामाच्या नकाशांचा जो आग्रह धरतात, त्याचे कारण हेच होय. अर्धशतक सेवा केल्यानंतर या संचांच्या नूतनीकरणाचे मोठे काम हाती घेण्यात आले. अणुभट्टी कायमची बंद करून ती उतरविण्याची वेळ जेव्हा येते, तेव्हाही तिच्या पोटात कोणता नळ कोठून गेला आहे हे पहिल्या दिवसाच्या कागदांवरूनच पाहावे लागते. अशा प्रकल्पाचे दप्तर प्रकल्पापेक्षा दीर्घायुषी असावे लागते.

ही गोष्ट अणुविद्युत केंद्रापुरतीच खरी आहे असे मात्र नाही. औद्योगिक वसाहतीत जमिनीखालून पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या गेलेल्या असतात. रस्ता खणताना नकाशा नसेल, तर कुदळीचा घाव कशावर पडेल याचा नेम नाही. वीस वर्षांपूर्वी संपलेल्या एका लहानशा कामाचा नकाशा त्या दिवशी एखाद्या मजुराचा जीव वाचवू शकतो.

जमिनीचे कागद

तारापूर केंद्राचे तिसरे व चौथे संच प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेचे आहेत. चौथा संच २००५ मध्ये आणि तिसरा २००६ मध्ये व्यापारी तत्त्वावर कार्यान्वित झाला. या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना स्थलांतर करावे लागले. वीज सुरू झाली म्हणून या गावांचे प्रश्न संपले नाहीत. पुनर्वसनाविषयीची गाऱ्हाणी त्यानंतरही दीर्घकाळ शासनदरबारी आणि न्यायालयात मांडली जात राहिली.

प्रकल्पग्रस्तांच्या मुला-नातवंडांना शासकीय नोकरीतील पाच टक्के समांतर आरक्षणाचा लाभ घेण्यासाठी प्रकल्पग्रस्त असल्याचे प्रमाणपत्र लागते. समजा, एखादा तरुण त्यासाठी पुनर्वसन शाखेत आला. त्याच्या आजोबांची जमीन गेली हे गावातील सर्वांना ठाऊक आहे. पण कार्यालयाला ते कागदावर दिसावे लागते. भूसंपादनाचा निवाडा, मोबदल्याची नोटीस, संपादनापूर्वीचा सातबारा आणि कुटुंबांची संकलन नोंदवही यांवरून ते दिसते. निवाड्याची ती पाच-पन्नास पाने सापडली, तर प्रमाणपत्र मिळण्यास फार वेळ लागू नये. न सापडली, तर तो तरुण एका कार्यालयाकडून दुसऱ्या कार्यालयाकडे हेलपाटे घालीत राहतो आणि अर्जाची मुदत निघून जाते. ज्याने जमीन देऊन प्रकल्प उभा केला, त्याच्याच नातवाला आपण कोण हे सिद्ध करावे लागते. यात दोष प्रकल्पाचा नसून दप्तराचा असतो.

कागद हरपल्याने शासनाचेही नुकसान होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याची जागा घेणारा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला. त्यातील कलम २४ मुळे, ज्या जुन्या प्रकरणांत निवाड्याला पाच किंवा अधिक वर्षे उलटली, पण जमिनीचा ताबा वा मोबदला यांची पूर्तता झाली नव्हती, ती संपादने व्यपगत ठरण्याची शक्यता निर्माण झाली. पुणे महानगरपालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये दिलेल्या निर्णयाचा आधार घेऊन देशभर अनेक दावे उभे राहिले. पुढे ६ मार्च २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात तो अर्थ बदलला. ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच संपादन व्यपगत होते, असे त्याने ठरविले. ताबा घेतल्याचा पंचनामा हा ताब्याचा पुरावा होय, हेही त्या निर्णयाने स्पष्ट केले.

यातून निघणारा बोध सरळ आहे. कित्येक वर्षांपूर्वी आवरलेल्या प्रकरणातील एका पानाच्या पंचनाम्यावर, उभ्या असलेल्या रस्त्याचे किंवा इमारतीचे भवितव्य ठरू शकते. ते पान ज्याने रद्दीत घातले त्याला हे कसे कळावे? म्हणूनच ठेवावे काय आणि टाकावे काय, हा निर्णय एकट्या व्यक्तीच्या अंदाजावर सोडून चालत नाही. त्यासाठी नियम लागतो.

दप्तराची जुनी शिस्त

असा नियम आपल्याकडे नवा नाही. मुंबईतील शासकीय अभिलेखागाराची स्थापना १८२१ मध्ये झाली. आज ते पुराभिलेख संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. महसूल कार्यालये व जिल्हा परिषदा यांच्यात सहा गठ्ठे पद्धत पूर्वीपासून चालत आली आहे. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद असे हे सहा गठ्ठे होत. संगणकावरील ‘आर्काइव्ह’ म्हणजे पाचवा गठ्ठा आणि ‘डिलीट’ म्हणजे सहावा, असे म्हटले तर कोणत्याही अनुभवी अव्वल कारकुनास त्यातील भेद तात्काळ उमगेल. पाचव्या गठ्ठ्यातील कागद चुकून सहाव्यात गेला तर काय होते, हे त्याला शिकवावे लागत नाही.

पाचव्या गठ्ठ्यातील प्रकरणांचीही प्रतवारी असते. रूढ पद्धतीनुसार ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम ठेवावयाचे असतात. ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, ‘क’ वर्गाचे १० वर्षे आणि ‘क-१’ वर्गाचे ५ वर्षे जपावयाचे असतात. ‘ड’ वर्गाचे कागद वर्षभरानंतर नष्ट करता येतात. कोणता कागद कोणत्या वर्गात मोडतो, याच्या अनुसूच्या प्रत्येक विभागाने ठरविलेल्या असतात.

शिस्त ढिली पडली, की ती पुन्हा बसविण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झाले आहेत. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयातील अभिलेखांची आणि बैठक व्यवस्थेची जी फेररचना केली, ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर परिचित झाली. अलीकडे पुणे विभागाचे तत्कालीन आयुक्त श्री. चंद्रकांत दळवी यांनी ‘शून्य प्रलंबितता व दैनंदिन निर्गती’ हा उपक्रम राबविला. त्यातही अभिलेखांचे वर्गीकरण करणे आणि मुदत संपलेले कागद रीतसर नष्ट करणे यांवर भर होता.

कायद्याचेही पाठबळ आहे. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा असून महाराष्ट्राने २००५ मध्ये स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला. केंद्रीय अधिनियमानुसार विहित रीत सोडून अभिलेख नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अभिलेख या संज्ञेत संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही येते, हे विसरता कामा नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे कर्तव्य प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर टाकले आहे. संचिका सापडत नाही एवढेच सांगून माहिती नाकारता येत नाही, कसून शोध घ्यावा लागतो आणि आवश्यक तेथे जबाबदारी निश्चित करावी लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे.

संगणकाचे ‘आर्काइव्ह’ म्हणजे नेमके काय?

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य संचिका भस्मसात झाल्या. केवळ कागदावर विसंबण्यातील धोका त्या दिवशी सर्वांच्या ध्यानी आला आणि संचिकांच्या संगणकीकरणाला वेग मिळाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ऑफिस प्रणालीत काम संपलेली संचिका बंद करता येते आणि प्रसंगी ती पुन्हा उघडताही येते. प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रणाली याहून निराळ्या असतात. त्यांत प्रकल्प म्हणजे एक संचिका नसून परस्परांशी गुंफलेल्या नोंदींचे जाळे असते. कोणते काम कोणाकडे, ते कोणत्या कामानंतर सुरू व्हावयाचे, किती दिवस लागले, खर्च किती झाला, कोणी कोणता शेरा दिला, कोणता नकाशा जोडला, हे सारे त्यात असते.

असा प्रकल्प आर्काइव्ह केला, म्हणजे तो चालू प्रकल्पांच्या यादीतून दूर होतो. नोंदी वाचता येतात, शोधता येतात, परंतु सामान्यतः त्यांत फेरफार करता येत नाही. आवश्यकता भासल्यास तो पुन्हा चालू यादीत आणता येतो. याचे दोन लाभ आहेत. चालू कामांची यादी आटोपशीर राहते आणि संपलेल्या कामावर चुकून नवा खर्च वा नवी नोंद पडत नाही.

प्रकल्प डिलीट केला, तर बहुतेक प्रणालींत तो आधी कचरापेटीत जातो. तेथे तो काही आठवडे, फार तर एक-दोन महिने राहतो आणि मग कायमचा पुसला जातो. त्याबरोबर त्याची जोडपत्रे, शेरे व वेळापत्रकही जाते. दुसऱ्या प्रकल्पातील जी कामे त्याला जोडलेली असतील, त्यांचे धागे तुटतात. मागील वर्षांच्या गोषवाऱ्यातील बेरजाही बदलू शकतात, कारण ज्या नोंदींवरून त्या निघत होत्या त्याच उरलेल्या नसतात. सुरक्षित प्रती ठेवल्या असल्या, तरी त्याही ठराविक काळानंतर नव्या प्रतींखाली दबून नाहीशा होतात.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग आर्काइव्हचे बटण दाबले म्हणजे काळजी मिटली. दुर्दैवाने तसे नाही. प्रणालीतील आर्काइव्ह म्हणजे त्याच घराच्या माळ्यावर सामान ठेवण्यासारखे आहे, आणि हे घर पुष्कळदा भाड्याचे असते. वार्षिक वर्गणी भरून घेतलेल्या प्रणालीची मुदत संपली, ठेका दुसऱ्या कंपनीकडे गेला किंवा कंपनीनेच ते उत्पादन बंद केले, तर माळ्यावरचे सामानही जाते. शिवाय एखाद्या विशिष्ट प्रणालीच्याच रचनेत जपलेली नोंद ती प्रणाली नाहीशी झाल्यावर वाचणार कोण? मोडी लिपीतील दप्तरांचे ढीग आपल्याकडे सुखरूप आहेत, पण ते वाचणारे जाणकार थोडे उरले आहेत. संगणकावर तीच अवस्था शंभर वर्षांऐवजी दहा वर्षांत येऊ शकते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपण्याविषयी तीन अटी घातल्या आहेत. तो पुढेही वाचता व वापरता आला पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती तंतोतंत दाखविणाऱ्या स्वरूपात असला पाहिजे, आणि तो कोठून आला, कोणाकडे गेला, कोणत्या दिनांकास व वेळेस, याचा तपशील त्यासोबत राहिला पाहिजे. या तीन अटी म्हणजे संगणकातील पाचव्या गठ्ठ्याची व्याख्याच होय.

दप्तर आवरण्याच्या पायऱ्या

मग काम संपल्यावर काय करावे? पुढील क्रम कोणत्याही कार्यालयाला, कारखान्याला किंवा ग्रामपंचायतीला पाळता येण्याजोगा आहे.

प्रथम, तिन्ही पूर्तता तपासाव्यात. अंतिम देयक, लेखापरीक्षणाचे आक्षेप, न्यायालयीन दावे, माहिती अधिकाराचे अर्ज आणि पुनर्वसनाच्या मागण्या यांपैकी काही शिल्लक असेल, तर प्रकल्प चालू यादीतून दूर करण्यास हरकत नाही, मात्र त्यातील एकही नोंद पुसू नये.

दुसरे, नोंदींची प्रतवारी करावी. जमीन, हक्क, सुरक्षितता आणि बांधकामाची प्रत्यक्ष स्थिती यांविषयीचे कागद दीर्घकाळ जपावयाच्या वर्गात घालावेत. बैठकीच्या वेळेची सूचना, एकाच पत्राच्या दहा प्रती, कच्चे मसुदे हे ‘ड’ वर्गात जातात.

तिसरे, जपावयाच्या नोंदी प्रणालीबाहेर काढाव्यात. दस्तऐवजांसाठी पीडीएफ-ए हे दीर्घकालीन जतनाकरिता २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेलेले स्वरूप आहे. तक्त्यांसाठी कोणत्याही संगणकावर उघडणारे साधे मजकुरी स्वरूप घ्यावे. कामे करणाऱ्यांची केवळ नावे न ठेवता पदनामेही लिहावीत. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचे खाते बंद झाले, की प्रणालीत त्याच्या शेऱ्यापुढे केवळ ‘माजी वापरकर्ता’ एवढेच उरण्याचा संभव असतो.

चौथे, सूची करावी. प्रकल्पाचे नाव, गाव, तालुका, गट क्रमांक, मंजुरीचा दिनांक, पूर्णत्वाचा दिनांक, संचिकांची संख्या आणि वर्ग एवढा तपशील एका पानावर मावतो. हे पान नसेल, तर बाकी सर्व असूनही नसल्यासारखे आहे. गावांची नावे लिहिताना जुनी व नवी दोन्ही द्यावीत, कारण शोधणारा बहुधा जुन्या नावानेच शोधीत येतो.

पाचवे, किमान दोन प्रती दोन भिन्न ठिकाणी ठेवाव्यात. पालघरसारख्या किनारपट्टीच्या जिल्ह्यात दमट हवा कागदाला आणि यंत्राला सारखीच घातक असते. प्रत्येक संगणकीय दस्तऐवजाचा एक अंकीय ठसा काढता येतो. एक अक्षर बदलले तरी तो ठसा बदलतो. हे ठसे सूचीसोबत लिहून ठेवले, तर काही वर्षांनी प्रत शाबूत आहे की नाही हे तपासता येते.

सहावे, आणि हे बहुधा राहून जाते, जपलेली नोंद वर्षातून एकदा उघडून पाहावी. न उघडलेली पेटी भरलेली आहे की रिकामी, हे कोणास ठाऊक?

पुसणे हेही कर्तव्यच

याचा अर्थ सर्व काही जपून ठेवावे असा मात्र नव्हे. सारेच जपले, म्हणजे काहीच सापडत नाही. अभिलेख कक्षात वाळवी लागलेल्या गठ्ठ्यांखाली ‘अ’ वर्गाची संचिका दडून बसावी, ही अवस्था आपण पाहिलेली आहे. संगणकात वाळवी लागत नाही, परंतु एकाच नावाचे पाच प्रकल्प, अर्धवट चाचणी नोंदी आणि जुने मसुदे यांच्या गर्दीत खरा दस्तऐवज तसाच हरवतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. प्रकल्पाच्या दप्तरात लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती, आजारपणाचे दाखले आणि दूरध्वनी क्रमांक असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने असे तत्त्व घालून दिले आहे, की ज्या प्रयोजनासाठी माहिती घेतली ते संपल्यावर, आणि दुसऱ्या कायद्याने ती जपणे आवश्यक नसेल तर, ती पुसली पाहिजे. विस्थापिताचा निवाडा जपणे हे जसे कर्तव्य, तसेच त्याच्या पासबुकाच्या विखुरलेल्या छायाप्रती नष्ट करणे हेही कर्तव्यच होय.

मात्र नष्ट करण्याचीही एक रीत आहे. मुदत संपल्याची खातरजमा, नष्ट करावयाच्या नोंदींची यादी, सक्षम अधिकाऱ्याची लेखी मान्यता आणि नष्ट केल्याचा दिनांक या चार गोष्टी नोंदवहीत आल्या पाहिजेत. ही नोंदवही स्वतः कायम जपावयाची असते. कागद गेला तरी तो का गेला आणि कोणाच्या आदेशाने गेला, याचे उत्तर उरले पाहिजे. संगणक प्रणालीत डिलीटचा अधिकार सर्वांना न देता एक-दोन जबाबदार अधिकाऱ्यांपुरता ठेवावा, हेही ओघाने आलेच.

नव्या जिल्ह्याची संधी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. तो राज्यातील ३६ वा जिल्हा होय. वसईपासून तलासरीपर्यंत आणि किनाऱ्यापासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपर्यंत आठ तालुके त्यात आहेत. त्यांतील जव्हार हे एके काळचे संस्थान. या भूमीतील जुन्या प्रकल्पांचे जिल्हा पातळीवरील कागद ठाणे जिल्ह्याच्या नावे आहेत आणि नव्यांचे पालघरच्या नावे. अशा जिल्ह्यात सूचीचे महत्त्व दुपटीने वाढते. आपला कागद कोणत्या गावी, कोणत्या कक्षात आहे, हे नागरिकाला एका ठिकाणी कळले, तर त्याचा दिवसभराचा प्रवास आणि मजुरी दोन्ही वाचतात.

बंदर, रेल्वे, द्रुतगती मार्ग आणि पाणीपुरवठा योजना यांसाठी आज या जिल्ह्यात जे पंचनामे होत आहेत, जी मोजणी होत आहे, ज्या नोटिसा बजावल्या जात आहेत, ते उद्याचे अभिलेख आहेत. यांतील पुष्कळसे आरंभापासूनच संगणकावर जन्मास येत आहेत. त्यांची मूळ कागदी प्रत कोठेही असणार नाही. म्हणून ते आवरण्याची पद्धत काम संपल्यावर ठरवून चालणार नाही. ठेका देतानाच, काम पूर्ण झाल्यावर सर्व नोंदी खुल्या स्वरूपात, सूचीसह, कार्यालयाच्या स्वाधीन करण्याची अट करारात घालणे श्रेयस्कर.

नागरिकांनीही आपला वाटा उचलावयास हवा. निवाड्याची प्रत, मोबदल्याची पावती आणि मोजणीचा नकाशा या तीन गोष्टींच्या प्रमाणित नकला प्रत्येक बाधित कुटुंबाने स्वतःजवळ जपाव्यात आणि त्या कोठे ठेवल्या आहेत हे घरातील पुढच्या पिढीला सांगून ठेवावे.

कवडासचा बंधारा असो, की तारापूरचा धुरांडा, तो लांबूनही दिसतो. त्याच्यासाठी कोणी काय दिले, हे मात्र केवळ दप्तरात दिसते. काम संपल्यावर संगणकापुढे बसलेल्या कर्मचाऱ्याने दोन बटणांपैकी एक दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि तीस वर्षांनंतर हा कागद मागावयास कोण येईल, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर सुचले, तर कोणते बटण दाबावयाचे हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.